कागद जुना, बादशहा नवा

झरोक्यात बसलेला जहांगीर, हातात फूल, कानांत मोती, खाली फारसी ओळ आणि हिजरी 1014, म्हणजे 1605 हे राज्यारोहणाचं साल. ‘एका संस्थानिकाच्या वाड्यातून आलंय’ असं सांगून हे चित्र विकलं गेलं. घेणारा भोळा नव्हता. त्याने कागद उजेडासमोर धरला, मागचा फारसी मजकूर पाहिला, कसरीची भोकं तपासली. सगळं अस्सल होतं, कारण कागद खरोखरच जुना होता. बादशहा मात्र अलीकडे रंगवलेला.

या धंद्याचा कच्चा माल म्हणजे रद्दीतल्या हिशेबाच्या चोपड्या, जुने स्टॅम्पपेपर आणि फाटकी फारसी-उर्दू पुस्तकं. पानावर पांढऱ्याचं अस्तर द्यायचं, त्यावर चित्र काढायचं, मग चहाचं पाणी आणि धूर. मागच्या मजकुराबद्दल विचारलं की उत्तर तयार असतं: ‘मुघल मुरक्क्यात (चित्रं आणि सुलेखन एकत्र बांधलेल्या संग्रहात) पाठीमागे सुलेखन असायचंच.’ हे अर्धं खरं आहे, म्हणूनच ते खपतं. मुरक्क्यातलं सुलेखन बहुधा मोठ्या नस्तालीक (फारसीच्या वळणदार शैलीतल्या) अक्षरांत, स्वतंत्र कागदावर, भोवती हाशिया देऊन चिकटवलेलं असतं. इथे होतं बारीक अक्षरांतलं सलग गद्य, वर पृष्ठक्रमांक आणि सगळीकडे एकसारखी शाई. म्हणजे शिळाछाप, दगडावरून छापलेल्या पुस्तकाचं पान! भारतात शिळाछपाई आली एकोणिसाव्या शतकात, जहांगीर गेला 1627 मध्ये.

कागदाचं वय पाहून उपयोग नाही. रंग आणि कागद जिथे भेटतात तिथे पाहा. दहापट भिंग पुरतं. चित्र जुनं असेल तर कसर रंगासकट कागद खाते आणि भोकाची कड स्वच्छ कापलेली दिसते. भोक आधीचं आणि रंग नंतरचा असेल, तर रंग कडेवरून आत उतरलेला असतो किंवा कुंचला भोकाला वळसा घालून गेलेला असतो. घडीचंही तसंच. जुन्या चित्रात घडीवरचा रंग उडतो, बनावट चित्रात तो घडीत साचतो. भिंगाखाली छपाईचे ठिपके दिसले तर पुढे तपासायलाच नको: संग्रहालयाच्या संकेतस्थळावरचं चित्र छापून वरून रंग फिरवला आहे.

मग उजेड तिरका टाका. खरी वसली, म्हणजे अशा चित्रांचा जाड कागद, पातळ कागदांचे थर चिकटवून केलेली असते, आणि चित्र पालथं ठेवून मागून अकीकाच्या गुळगुळीत दगडाने घोटतात. त्यामुळे रंग कागदात बसून मिन्यासारखा चमकतो. पुस्तकाच्या एकेरी पानावर तो कोरडा, वर बसलेला दिसतो. मोती, दागिने मात्र अस्सल चित्रातही मुद्दाम उठावदार केलेले असतात, तेवढ्यावरून घाबरू नका.

365 नॅनोमीटरच्या अतिनील दिव्याखाली टायटॅनियम पांढरा काळसर जांभळा दिसतो. तो बाजारात आला 1920 च्या आसपास. झिंक पांढरा हिरवट-पिवळा उजळतो, तोही एकोणिसाव्या शतकातला. पण नंतरच्या डागडुजीतही हे रंग येतात, म्हणून एका ठिपक्यावरून निकाल देऊ नये. चेहरा, जामा, पार्श्वभूमी, सगळीकडे तेच दिसलं तर संशय पक्का, आणि तरी खात्री हवी तर एक्स-रे फ्लुरोसन्स चाचणी, म्हणजे रंगात कोणती मूलद्रव्यं आहेत ते दाखवणारी तपासणी.

खरं तर या व्यवहारात दिव्याचीही गरज नव्हती. जहांगीरने कान टोचून घेतले 1614 मध्ये, आजारातून उठल्यावर ख्वाजा मुईनुद्दीन चिश्तींप्रती श्रद्धा म्हणून. 1605 च्या चित्रात मोती कुठून आले?

मान्य असो वा नसो, फसवणूक खरी पूर्ण होते ती बिलावर. तोंडी ‘चारशे वर्षं जुनं’, बिलात ‘हस्तकला वस्तू, 1 नग’. 1972 च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांपलीकडच्या चित्राची छायाचित्रासह नोंदणी लागते आणि व्यापाऱ्याला परवाना. दोन्ही मागा. चित्र जुनं असेल आणि नोंदणी नसेल, तर तुम्ही बेकायदा व्यवहारात आहात. विक्रेत्याने स्वतःच छापलेला ‘अस्सलतेचा दाखला’ तिथे चालत नाही. बिलावर काळ, शैली, माप आणि चाचणीत खोटं ठरल्यास परताव्याची मुदत लिहून घ्या.

घेऊन बसला असाल तर चित्र पुसू नका, चौकट बदलू नका. जाहिरातीचे फोटो, संदेश, पैसे दिल्याचा पुरावा जपून ठेवा. ‘जुनं’ हा शब्द विक्रेत्याने कुठे लेखी वापरला असेल, तर तो तक्रारीत विशेष उपयोगी पडतो.