झेडएचए की झिगबी-टू-एमक्यूटीटी? एका डोंगलवर सगळ्या कंपन्या नांदवताना

फिलिप्स ह्यूचे दिवे, आयकियाची बटणं, अकाराचे दारावरचे सेन्सर. तिघांचे तीन हब काढून सगळं झिगबी (या उपकरणांची बिनतारी भाषा) समजणाऱ्या एका यूएसबी डोंगलवर आणायचं आणि वर होम असिस्टंट हे घर चालवणारं सॉफ्टवेअर बसवायचं, इथपर्यंत बहुतेकांचं ठरलेलं असतं. गाडी अडते ती पुढे: झिगबीचा कारभार होम असिस्टंटमधल्याच झेडएचएकडे द्यायचा, की बाहेरच्या झिगबी-टू-एमक्यूटीटीकडे?

मांडणीच्या सोपेपणात झेडएचए पुढे आहे, यात वाद नाही. डोंगल लावा, दोन-तीन पर्याय निवडा, लगेच दिवे जोडायला घ्या. दुसऱ्या वाटेवर मॉस्किटोसारखा एमक्यूटीटी ब्रोकर (इकडचे निरोप तिकडे पोचवणारा मध्यस्थ), खुद्द झिगबी-टू-एमक्यूटीटी आणि होम असिस्टंटमधलं एमक्यूटीटी इंटिग्रेशन (ते निरोप घेणारी जोडणी) अशी तीन बिऱ्हाडं सांभाळावी लागतात. ब्रोकर बंद पडला की सगळंच बंद पडलं. शिवाय डोंगल दिसला की होम असिस्टंट आपणहून झेडएचए सुचवतं. सवयीने होकार दिलात तर दोघं एकाच सिरीयल पोर्टवर भांडतात आणि झिगबी-टू-एमक्यूटीटी सुरूच होत नाही. ती सूचना सरळ बाजूला सारायची.

तरीही माझा कल दुसऱ्या वाटेकडे आहे, आणि त्यामागे एकच कटकट आहे: रीस्टार्ट.

बाजारातली तुया कंपनीच्या तंत्रावर बेतलेली कितीतरी उपकरणं आपलं मॉडेल टीएस०६०१ असंच सांगतात. रेडिएटरचा व्हॉल्व्ह असो, पडद्याची मोटर असो की हवेचा सेन्सर, नाव तेच. खरी ओळख उत्पादकाच्या सांकेतिक नावात दडलेली असते, आणि तापमान कुठल्या डेटा पॉइंटवर (माहितीच्या क्रमांकित खणावर) येतं हे दर उपकरणात वेगळं असू शकतं. ओळखीच्या यादीत नसलेलं उपकरण जोडलं जातं, पण त्याखाली कामाची एकही एंटिटी (तापमानासारखं वाचन किंवा बटण) दिसत नाही. झेडएचएमध्ये यावर पायथनमधला 'क्वर्क' (त्या उपकरणाची भाषा समजावणारी छोटी फाइल) लिहायचा, त्याचा फोल्डर कॉन्फिगरेशनमध्ये दाखवायचा आणि होम असिस्टंट रीस्टार्ट करायचं. तापमान २३५ दिसतंय? दहाने भागायचं राहिलं. फाइल सुधारा, पुन्हा रीस्टार्ट. दर खेपेला घरातलं सगळं ऑटोमेशन ठप्प, ज्याचा झिगबीशी संबंध नाही तेही.

झिगबी-टू-एमक्यूटीटीत हेच काम जावास्क्रिप्टच्या एक्स्टर्नल कन्व्हर्टरने होतं. फार तर तेवढी एक सेवा पुन्हा सुरू करावी लागते, बाकी घर जागच्या जागी. उलट बाजूनेही तसंच: होम असिस्टंट अपडेटसाठी बंद असलं तरी नोड-रेड या वेगळ्या ऑटोमेशन सॉफ्टवेअरमधले एमक्यूटीटीवर बेतलेले फ्लो चालू राहतात. अर्थात तुमची सगळी उपकरणं नामांकित कंपन्यांची असतील, तर हा त्रास तुमच्या वाट्याला येणारही नाही. मग झेडएचएच घ्या, खुशाल.

रेडिओच्या भानगडी मात्र दोन्हीकडे सारख्याच. यूएसबी ३ पोर्टचा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झवर येतो, म्हणून डोंगल थेट न खोचता किमान एक मीटरच्या एक्स्टेन्शन केबलवर लांब ठेवा. झिगबी-टू-एमक्यूटीटी मुळात चॅनेल ११ घेतं, आणि ते वायफायच्या चॅनेल १ खाली दबतं. १५, २० किंवा २५ पैकी एक आधीच ठरवा, आणि नेटवर्क कीच्या (झिगबी संदेशांच्या गुप्त किल्लीच्या) जागी 'जनरेट' हा पर्याय पहिलं उपकरण जोडण्यापूर्वीच द्या. ही किल्ली मागाहून बदललीत तर सगळं घर पुन्हा जोडत बसाल. पोर्टचा पत्ताही 'टीटीवाययूएसबी०' असा न देता 'बाय-आयडी' वाला द्या. दुसरं यूएसबी उपकरण लावलं की तो शून्याचा आकडा बदलू शकतो.

थ्रेड या दुसऱ्या बिनतारी पद्धतीचाही मोह होतो, पण एकाच डोंगलवर झिगबी आणि थ्रेड दोन्ही चालवण्याच्या फंदात पडू नका. त्यासाठी दुसरा डोंगल घ्या.

झेडएचए सोडून इकडे येणार असाल, तर मेन्सवरचे दिवे आणि प्लग आधी जोडा, कारण झिगबीतल्या राउटरचं, म्हणजे इतरांचे संदेश पुढे पोचवण्याचं, काम तेच करतात. ह्यूचा दिवा जुन्या हबवरून ॲपमधूनच काढून टाका. आयकियाचा दिवा सहा वेळा झटपट चालू-बंद केला की रीसेट होतो. बॅटरीवाले सेन्सर सर्वांत शेवटी, आणि तेही डोंगलजवळ आणून नव्हे, तर त्यांच्या कायमच्या जागी ठेवूनच जोडा. अकाराचे काही सेन्सर एकदा धरलेला राउटर सहसा सोडत नाहीत; टेबलावर जोडून मग दारावर चिकटवलात, तर दोन दिवसांत गायब.