कॉन्सुल की डेसिडिम : आधी कोणतं चढवून बघायचं?

नागरिकांचे प्रस्ताव, चर्चा आणि अंदाजपत्रक ऑनलाइन चालवायला मुक्त स्रोत सॉफ्टवेअर शोधायला बसलं की दोन नावं हटकून पुढे येतात : माद्रिदचं कॉन्सुल आणि बार्सिलोनाचं डेसिडिम. दोन्ही रुबी ऑन रेल्समध्ये (रुबी भाषेतली वेबसाइट बांधायची चौकट) लिहिलेली, दोन्हींना डेटाबेस म्हणून पोस्टग्रेस लागतो, दोन्हींना एजीपीएल हा मुक्त स्रोत परवाना. नातंही जवळचं. माद्रिद महापालिकेनं २०१५ मध्ये कॉन्सुलवर आपली साइट सुरू केली. बार्सिलोनानं २०१६ च्या सुरुवातीला तोच कोड उचलून शहराचा आराखडा लोकांपुढे ठेवला, दहा हजारांवर प्रस्ताव आले, आणि त्यानंतर त्यांनी सगळं पुन्हा पहिल्यापासून लिहायला घेतलं. वेगळी चूल का मांडावी लागली, ते दोन्ही आपल्या मशीनवर चढवून बघितल्यावर कळतं.

कॉन्सुलचं काम सरळ आहे. रेपो (कोडचं भांडार) फोर्क करायचा, म्हणजे त्याची स्वतःची प्रत काढायची, ती क्लोन करून मशीनवर आणायची, फाइलमध्ये सांगितलेली रुबी आणि नोडची नेमकी आवृत्ती घालायची, सेटअपची स्क्रिप्ट चालवायची, नमुन्याचा डेटा भरायचा, सर्व्हर चालू. अडकायला होतं ते बहुतेकदा पोस्टग्रेसपाशी. मायग्रेशन (डेटाबेसची रचना बदलणारी स्क्रिप्ट) चालताना ते डेटाबेसमध्ये एक्स्टेन्शन घालू पाहतं, त्यामुळे आपण बनवलेल्या युजरला सुपरयुजरचे अधिकार द्यावे लागतात. ते आधीच दिले तर पुढचा त्रास वाचतो. रेडिससारखा वेगळा डेटा सर्व्हर वगैरे काही लागत नाही. अ‍ॅडमिनचा पासवर्ड १२३४५६७८, आत शिरलात की प्रस्ताव, वाद, अंदाजपत्रक सगळं भरलेलं दिसतं.

डेसिडिम रेपो क्लोन करून वापरायचं नसतं. ते जेम (रुबीचं तयार पॅकेज) म्हणून बसवायचं आणि त्याच्या जनरेटरकडून आपलं स्वतःचं, छोटंसं रेल्स अ‍ॅप बनवून घ्यायचं. त्या अ‍ॅपमध्ये डेसिडिमचा कोड नसतो, फक्त त्याचा उल्लेख असतो. नमुन्याचा डेटा भरायला बराच वेळ लागतो, चहा होतो तेवढ्यात. नवख्या माणसाला इथे दोन गोष्टी चकवतात. पहिली, पॅनेल दोन आहेत : एक नेहमीचं अ‍ॅडमिन आणि त्याच्या वरचं ‘सिस्टिम’, जिथे संस्था तयार करायच्या. दुसरी, एकाच इन्स्टॉलेशनवर अनेक संस्था नांदाव्यात अशी रचना असल्यामुळे कोणती संस्था दाखवायची हे ब्राउझरमधल्या पत्त्यावरून ठरतं. संस्थेसाठी नोंदवलेल्या पत्त्याऐवजी दुसराच टाइप केला की संस्थाच सापडत नाही, आणि माणूस तासभर डेटाबेस तपासत बसतो.

पहिल्या दिवसाचा कौल म्हणाल तर कॉन्सुल जिंकतं. पण निर्णय त्यावर घेऊ नये. खरा प्रश्न सहा महिन्यांनी येतो : तुम्ही केलेले बदल राहतात कुठे?

कॉन्सुलमध्ये ते तुमच्या फोर्कमध्ये राहतात. त्यासाठी जागोजागी ‘कस्टम’ नावाचे फोल्डर दिलेत, तेवढ्यातच राहिलात तर ठीक. पण घाईत कुणीतरी मूळ फाइलला हात लावतोच, आणि नवी आवृत्ती आपल्या फोर्कमध्ये मिसळताना (मर्ज) दोन्हींकडच्या बदलांची टक्कर (कॉन्फ्लिक्ट) सोडवण्यात दिवस जातात. आवृत्त्याही एकेक करत चढाव्या लागतात. डेसिडिममध्ये जेमचा आकडा बदलायचा, मायग्रेशन चालवायचं. तेही दरवेळी सुखाचं नसतं. तुम्ही एखादा व्ह्यू (पानाचा साचा) ओव्हरराइड केला असेल, म्हणजे त्याजागी आपला घातला असेल, आणि मूळ व्ह्यू बदलला असेल तर ती फाइल उघडून बघावीच लागते. फक्त काय काय बदललंय याची यादी छोटी राहते.

आता एक गंमत. कॉन्सुलच्या सेटिंगमध्ये प्रस्ताव यशस्वी ठरायला लागणाऱ्या पाठिंब्यांचा मूळ आकडा ५३,७२६ आहे. माद्रिदमधल्या सोळा वर्षांवरच्या लोकांचे ते दोन टक्के! माद्रिदनं स्वतःची अट पुढे एक टक्क्यावर आणली, पण कोडात शहर उरलंच. ओळख पडताळणीतही तेच. डेव्हलपमेंटमध्ये खोटा नागरिक म्हणून १२३४५६७८झेड हा स्पॅनिश ओळखपत्राचा क्रमांक, ३१ डिसेंबर १९८० ही जन्मतारीख आणि माद्रिदचा पिनकोड टाकायचा. डेसिडिमच्या डेव्हलपमेंट अ‍ॅपमधला नमुना साधा आहे : क्रमांकाच्या शेवटी एक्स असला की माणूस पास. तो नमुना बघून आपला पडताळणीचा कोड वेगळ्या क्लासमध्ये लिहायचा. स्पेनमध्ये महापालिकेकडे रहिवाशांची नोंदवही असते, आपल्याकडे तशी नाही. त्यामुळे मतदार यादी, मालमत्ता कराचा क्रमांक की नुसता मोबाइल ओटीपी, हे आधी ठरवा. कोणतंही सॉफ्टवेअर घेतलंत तरी हा भाग तुम्हालाच लिहायचाय, आणि तो लिहिणं मला डेसिडिममध्ये सोपं वाटतं.

पुण्याचंच उदाहरण घेऊ. महापालिकेच्या अंदाजपत्रकात नागरिकांनी छोटी कामं सुचवायची पद्धत तिथे २००६ पासून आहे. पारंपरिक पद्धतीत अर्ज क्षेत्रीय कार्यालयात जातो, लोकांचं मतदान नसतं. याचा डेमो करायचा तर कॉन्सुलचं अंदाजपत्रक जवळजवळ जसंच्या तसं बसतं : क्षेत्रीय कार्यालय हा गट, प्रभाग हे त्याखालचं शीर्षक, आणि काम होण्याजोगं आहे का, खर्च किती, हे भरणारा मूल्यांकनकर्ता म्हणजे आपले कनिष्ठ अभियंता. मतदानाचा टप्पा बंद ठेवायचा. डेसिडिममध्ये हेच करताना आधी प्रक्रिया बनवा, तिच्यात प्रस्तावांचा घटक जोडा, मग निवडलेले प्रस्ताव अंदाजपत्रकाच्या घटकात आणा, अशी जुळवाजुळव करावी लागते. मोबदल्यात प्रभाग सभा, सर्वेक्षण, मंजूर काम किती टक्के झालं याचा हिशेब, हे सगळं हवं तिथे जोडता येतं.

एजीपीएलचं कलम दोघांनाही लागू आहे : कोडात बदल करून साइट लोकांसाठी उघडली, तर तो बदललेला कोड वापरणाऱ्यांना मिळाला पाहिजे. निविदेतून काम घेणाऱ्या कंपनीला हे पहिल्याच बैठकीत सांगा, लेखी.

विंडोजवर असाल तर दोन्हींसाठी डब्ल्यूएसएल (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय) वापरा. एकटेच असाल, एकच शहर आणि पुढच्या आठवड्यात आयुक्तांना दाखवायचं असेल, तर कॉन्सुल. दोन-तीन डेव्हलपर आहेत, चार नगरपालिका एकाच सर्व्हरवर ठेवायच्यात आणि पाच वर्षं सांभाळायचंय, तर डेसिडिम. पहिला आठवडा रडवेल, तो धरूनच वेळापत्रक करा.