मोठा सर्व्हर की सीडीएन?

समजा, दिवाळी अंकाची साइट मुंबईच्या सर्व्हरवर आहे आणि निम्मे वाचक न्यू जर्सी, लंडनला. साइट रखडते म्हटलं की पहिला सल्ला येतो: सर्व्हर मोठा घ्या. पैसे जातात, तिकडच्या वाचकाला फरक जेमतेम. कारण अडचण अंतराची आहे. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. मुंबई-न्यूयॉर्क अंतर साडेबारा हजार. म्हणजे जाऊन-येऊन किमान १२५ मिलिसेकंद, केबलचा वळसा धरला तर आणखी जास्त. त्यात आधी टीसीपी (सर्व्हरशी जोडणी), मग टीएलएस (ती जोडणी सुरक्षित करणं), मग पानाची मागणी: पहिला बाइट हाती पडेपर्यंत तीन खेपा.

क्लाउडफ्लेअर, अकामाईसारखं सीडीएन, म्हणजे जगभर पसरलेल्या सर्व्हरचं जाळं, चित्रं, सीएसएस (पानाची मांडणी ठरवणारी फाइल), फॉन्टच्या प्रती वाचकाजवळच्या शहरात ठेवतं. खेपा तेवढ्याच, पण आखूड. छोट्या साइटला क्लाउडफ्लेअरचा फुकट प्लॅन सहसा पुरतो. मात्र एचटीएमएल, म्हणजे पानाचा मजकूर, ते आपणहून साठवत नाही, साठवण्याचा नियम आपणच लावायचा. आणि मजकूर दुरुस्त करून सीडीएनवरची जुनी प्रत पुसायची राहिली, तर लेखकाचा फोन आलाच म्हणून समजा.

लॉगिन, शोध, खरेदी असेल, डेटाबेसच दमला असेल, तर मोठा सर्व्हर घ्या. एरवी सीडीएनच. आणि चार एमबीचं मुखपृष्ठ आधी वेबपी या हलक्या चित्र-फॉरमॅटमध्ये बारीक करा. ते जवळून आलं तरी जडच.