गरोदर बाईच्या फोनसाठी काय निवडायचं: किलकारी की प्ले स्टोअरवरचं ॲप?

उपकेंद्रावर नव्याने रुजू झालेल्या सिस्टरना हल्ली पहिल्याच तपासणीला विचारलं जातं, "सिस्टर, कोनतं ॲप टाकू वो?" विचारणारी बहुतेकदा पहिलटकरीण असते आणि फोन नवऱ्याच्या खिशात असतो. माझं मत आधीच सांगते: किलकारी प्रत्येकीला, ॲप मोजक्या जणींना, तेही तुम्ही स्वतः तपासल्यावर.

किलकारी ही केंद्र सरकारची मोफत सेवा. चौथ्या महिन्यापासून बाळ वर्षाचं होईपर्यंत दर आठवड्याला एक रेकॉर्ड केलेला कॉल येतो, एकूण ७२. देशात ती २०१६ मध्ये सुरू झाली, महाराष्ट्रात २०२४ मध्ये आली. बटणाच्या फोनवरही चालते, नेट लागत नाही, वाचता येत नसलं तरी अडत नाही. कॉल चुकला तर १४४२३ लावून पुन्हा ऐकता येतो.

उणीव म्हणजे तिला उलट प्रश्न विचारता येत नाही. दुसरी अडचण आपल्याच हातातली आहे. सगळं चालतं ते आरसीएच नोंदणीतल्या, म्हणजे आपण भरतो त्या गरोदर बायका आणि बाळांच्या सरकारी नोंदीतल्या, फोन नंबरवर आणि शेवटच्या पाळीच्या तारखेवर. तारीख चुकली की सातव्या महिन्यातल्या बाईला पाचव्याचा सल्ला मिळतो. "पोळ्याच्या आधी आली होती" एवढंच आठवणाऱ्या बाईपुढे कॅलेंडर उघडा आणि सोबत बसून तारीख काढा. नवरा दिवसभर शेतात असेल तर घरातल्या कोणाचा नंबर द्यायचा, तेही तिलाच विचारा. सासू तयार असेल तर उत्तम, कारण सासूने कानाने ऐकलेला सल्ला घरात लवकर पाळला जातो.

ॲपमध्ये चित्रं असतात, गोळ्यांची आठवण असते, काहींत प्रश्नही विचारता येतो. शिकलेल्या, स्वतःचा फोन असलेल्या बाईला त्याचा खरा उपयोग होतो. पण आधी एक करा. अनुभवी सिस्टरसोबत बसा, रजिस्टरमधल्या दोन-तीन जोखमीच्या केस नाव न घेता निवडा आणि ॲपला तेच विचारा. "डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे अंधारी येते, पाय सुजलेत." यावर आजच बीपी तपासा, दवाखान्यात जा असं ते सांगतं का? बीपी १४०/९० किंवा त्याहून वर असेल तर ही वेळ घालवायची नसते. आराम करा, पाणी प्या एवढंच म्हणत असेल तर ते ॲप बाद.

मग सिकलसेल, म्हणजे आईबापांकडून बाळात येणारा रक्ताचा आजार, त्याबद्दल विचारा. आपल्या भागात हे सोडून चालत नाही. नवरा-बायको दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते, आणि सिकलसेलग्रस्त आईचं बाळंतपण जोखमीचंच धरायचं. बाहेरच्या लोकांसाठी बनवलेल्या ॲपला हे बहुधा ठाऊक नसतं. तारखेचंही तसंच: ॲप साधारण २८ दिवसांची पाळी धरून चालतं. पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीची तारीख त्याहून भरवशाची, आणि घरच्यांना दाखवायची ती तपासणीच्या कार्डावरचीच.

मेळघाटात कोरकू बोलणाऱ्या किंवा गडचिरोलीत माडिया बोलणाऱ्या घरात मराठी कॉलही परका वाटू शकतो. तिथे तिच्या भाषेतली आशाताई आणि माहेरघर (बाळंतपणाआधी आरोग्य केंद्राजवळ राहायची सरकारी सोय) हाच आधार. ॲपचा हट्ट तिथे धरू नका.

तुमच्या स्वतःच्या शिक्षणासाठी मात्र ॲपला माझा पाठिंबा आहे. डेन्मार्कच्या मॅटर्निटी फाउंडेशनचं सेफ डिलिव्हरी ॲप मोफत आहे, व्हिडिओ उतरवून ठेवले की नेटशिवाय चालतात. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव आणि न रडणारं बाळ हे दोन भाग वारंवार बघा. तरीही मालिश केल्यावर गर्भाशय किती घट्ट लागायला हवं, हे व्हिडिओत बघून हाताला कळत नाही. अनुभवी सिस्टरच्या हाताशेजारी हात ठेवूनच ते कळतं. बाळ रडलं नाही तर पहिल्या मिनिटात बॅग-मास्क (तोंडावर मास्क धरून पिशवी दाबत श्वास देणं) सुरू व्हायला हवी, म्हणून रात्री व्हिडिओ बघा आणि सकाळी त्यांच्या देखरेखीत बाहुलीवर सराव करा. त्यांना वेळ नसेल तर मागे लागून मागून घ्या.

पुढच्या तपासणीला बाईचा फोन हातात घ्या. ॲप उघडलंच नसेल तर काढून टाका. किलकारीचा कॉल अनोळखी समजून घरचे कापत असतील तर तो नंबर तिच्यासमोर नावानिशी सेव्ह करा, आणि त्याखाली १०२, १०८ आणि आशाताईचा.