डबा नसेल तर ५ रुपये: विश्रामबागेतलं सुट्या किराण्याचं दुकान

सांगलीच्या विश्रामबागेत आपल्याच डब्यात किराणा भरून देणारं एक छोटं दुकान आहे. माल निवडक आणि स्वच्छ. हळद चांगली, पण सांगलीत त्याचं काय कौतुक! लिहिण्याजोगा आहे तो तिथला पिशवीचा हिशेब.

डबा आणला म्हणून इथे सूट मिळत नाही. डबा नसेल तर कागदी पिशवीचे ५ रुपये लागतात आणि ते बिलात वेगळ्या ओळीत दिसतात. हेच बरोबर आहे. हाती आलेल्या पाच रुपयांच्या आनंदापेक्षा खिशातून गेलेले पाच रुपये जास्त टोचतात. कानमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये ही गोष्ट मांडली. पुढे अर्थशास्त्रज्ञ तातियाना होमोनॉफ यांनी अमेरिकेत वॉशिंग्टन परिसरातल्या दुकानांत पाहिलं, तर पिशवीवर ५ सेंट कर लागल्यावर शंभरातल्या चाळीसहून अधिक ग्राहकांनी पिशवी घेणं सोडलं. स्वतःची पिशवी आणणाऱ्याला ५ सेंट सूट दिली तेव्हा मात्र जवळपास काहीच बदललं नाही.

लोक गळतात ते पहिल्या फेरीत. रिकामा डबा तोलून वजनाची चिठ्ठी बुडाला चिकटवतात, त्यात वेळ जातो. एकदा चिठ्ठी लागली की पुढे थेट भरायचं. डबा झाकणासकट तोलून घ्या, नाहीतर झाकणही डाळीच्या भावात जातं. शेंगतेल किलोवर मिळतं. एक लिटर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं, म्हणून लिटरच्या बाटलीत किलोभर मावत नाही. बरणी रुंद तोंडाची असावी. धुतलेली बरणी उन्हात कडकडीत वाळवा, कारण ओल राहिली तर पिठात गुठळ्या आणि बुरशी होते. एकदा पीठ फेकावं लागलं की माणूस पुन्हा पाकिटाकडे वळतो.

गल्ल्यामागचं प्लॅस्टिक खाणाऱ्या गायीचं चित्र काढून टाकावं. ते पाहून वाईट वाटतं, पण हात हलत नाही. अमेरिकेतल्या एका हॉटेलात ‘पर्यावरण वाचवा’ वाचून सुमारे ३५ टक्के पाहुण्यांनी टॉवेल पुन्हा वापरला. ‘बहुतेक पाहुणे वापरतात’ असं लिहिल्यावर ४४ टक्क्यांनी. हा अभ्यास २००८ मध्ये छापून आला. तेव्हा पाटीवर डबा आणणाऱ्यांचा आकडा लिहावा, पण निम्म्याहून जास्त लोक आणत असतील तरच. आकडा लहान असला तर ‘कुणीच आणत नाही’ हेच लोकांच्या मनात ठसेल.

खरी चूक घरपोच सेवेत आहे. फोनवर यादी दिली की माल न विचारताच प्लॅस्टिकच्या पाकिटांत येतो, आणि जे न मागता येतं ते बदलून मागायच्या फंदात फार थोडे पडतात. डबे अदलाबदलीने देणं हीच रीत ठेवावी. पाकीट हवं असेल त्याने सांगावं. एवढं झालं तर पूर्ण गुण द्यायला हरकत नाही.

वजनकाटा एकच आहे. संध्याकाळी सातनंतर रांग लागते, पहिल्यांदा डबे घेऊन जाणार असाल तर सकाळीच जा.