एनबीए लीग पास घ्यावा का? बेंचवर काय चाललंय ते बघायचं असेल तर नक्की घ्या

सीझन आला की आमच्या लातूरच्या ग्राउंडवरची पोरं एकच विचारायलेत, सर लीग पासला पैसे घालू का, हायलाइट्स तर फुकटच दिसतात की. लीग पास म्हणजे अमेरिकेतल्या एनबीए या बास्केटबॉल लीगच्या मॅचेस पैसे भरून ऑनलाइन बघायची सोय. माझं उत्तर सरळ आहे. डंक (उडी मारून बॉल रिंगमध्ये कोंबणं) आणि थ्री (लांबून टाकलेला तीन पॉइंट्सचा शॉट) बघायचे असतील तर हायलाइट्स बास झाले, उगं पैसे घालू नका. पण ऑक्टोबरमध्ये भारी वाटणारी टीम एप्रिल-मे मध्ये का ढेपाळते आणि कुणी धरली नव्हती ती टीम फायनलला कशी जाते हे कळून घ्यायचं असेल तर पूर्ण मॅच बघितल्याशिवाय काही कळत नाही, आणि पूर्ण मॅच बघायला यापेक्षा चांगली सोय मला तरी माहीत नाही. रेग्युलर सीझनच्या एका टीमच्या 82 मॅचेस, त्यानंतर जूनपर्यंत चालणारे प्लेऑफ्स, म्हणजे बाद फेऱ्या. एवढ्या लांबच्या पल्ल्यात कुणाचा पाय मुरगळला, कोचनं कुणाला किती मिनिटं दिली, कुणाला बसवलं, यावर सगळं फिरतं. बाहेर बेंचवर बसलेल्या माणसाचे हायलाइट्स कुणी काढत नाही.

आधी वापराचं सांगतो. लाइव्ह मॅच आपल्याकडं पहाटे पाच-सहाला सुरू होते, अमेरिकेच्या पश्चिमेकडची असली तर सकाळी आठ-नऊला, म्हणजे शाळा-कॉलेज-नोकरीवाल्याला रोज लाइव्ह जमणं अवघड. म्हणून मला सगळ्यात कामाची वाटते ती स्कोअर लपवायची सेटिंग. ती पहिल्या दिवशीच ऑन करा, मग संध्याकाळी घरी येऊन रिप्ले लावला तरी निकाल फुटत नाही. पूर्ण रिप्ले आहे, दहाएक मिनिटांत आटपलेली मॅच पण आहे. वेळ नसेल तर ती छोटी बघा पण तीवरून कोचबद्दल मत बनवू नका, कारण तिच्यात बदली कधी झाली आणि टाइमआऊट कधी घेतला तेच गेलेलं असतं. आमच्याकडं उन्हाळ्यात लाईटीचा काही भरवसा नसतो, त्यामुळं लाइव्हपेक्षा रिप्लेचाच आधार जास्त.

आता पैसे कुठं वसूल होतात ते. 2025 ची फायनल घ्या, ओक्लाहोमा सिटी थंडर विरुद्ध इंडियाना पेसर्स. सात मॅचेसपर्यंतची सिरीज, आधी चार जिंकेल तो चॅम्पियन. पाचव्या मॅचमध्ये पेसर्सचा मुख्य खेळाडू टायरीज हॅलिबर्टनची उजवी पोटरी दुखावली. त्या मॅचला चालू खेळात त्याचा एकही शॉट पडला नाही, सहापैकी शून्य, चार पॉइंट्स तेवढे फ्री थ्रोवर (फाउलनंतर मिळणारे मोकळे शॉट). तरी सहावी मॅच तो खेळला, पेसर्स 108-91 नी जिंकले, आणि सातवी मॅच आपल्याकडं 23 जूनला सोमवारी सकाळी. सुरुवातीलाच त्यानं तीन थ्री टाकले, नऊ पॉइंट्स, आणि पहिल्या क्वार्टरमध्येच बॉल घेऊन पुढं निघताना उजव्या पायावर जोर दिला अन् तिथंच खाली कोसळला. अकिलीस, म्हणजे टाचेमागची जाड शीर, तुटली. हातानं फ्लोअर बडवत होता तो. हायलाइटमध्ये हे काही सेकंदांत संपतं. पूर्ण मॅच बघितली तर पुढचं दिसतं, की ज्याच्या भोवती सगळी ऑफेन्स (हल्ल्याचा खेळ) रचलेली तो गेल्यावर पण हाफटाइमला पेसर्स एका पॉइंटनं पुढं होते, 48-47. तिसऱ्या क्वार्टरला छोटासा टी. जे. मॅककॉनेल जीव तोडून भिडला. शेवटी 103-91 नी हरले, पण एक माणूस कमी झाला की बाकीच्यांच्या पायांवर किती लोड येतो ते क्वार्टरगणिक समोर दिसत होतं.

दुखऱ्या पोटरीवर खेळवायला पाहिजे होतं का? माझं मत, फायनलची सातवी मॅच असेल तर खेळाडू स्वतःच थांबत नाही, त्याला दोष देण्यात अर्थ नाही. पण 2019 च्या फायनलला केविन ड्युरांटचं जवळजवळ असंच झालेलं, आधी पोटरी, मग पाचव्या मॅचला परत आला आणि अकिलीस गेली. पोटरीची तक्रार हलकी धरायची नाही हे मी तरी यातूनच पक्कं धरलंय.

आता दुसरी बाजू, थंडर. 68 मॅचेस जिंकल्या त्या सीझनला, त्यामुळं लोकांना वाटतं त्यांना काही झालंच नाही. असं नाही. नोव्हेंबरमध्ये चेट होल्मग्रेनचं कंबरेचं हाड फ्रॅक्चर झालं, तो फेब्रुवारीत परतला, पूर्ण रेग्युलर सीझनमध्ये 32 मॅचेसच खेळला. दुसरा उंच खेळाडू आयझाया हार्टनस्टाइन, त्याचा हात आधीच मोडलेला. म्हणजे काही दिवस त्यांच्याकडं धड उंच माणूसच नव्हता, आणि कोच मार्क डेग्नॉल्टनं काय केलं तर जेलन विल्यम्सला, जो मूळचा विंगवर (बाजूला) खेळणारा, सेंटरला, म्हणजे बास्केटखालच्या सगळ्यात उंच माणसाच्या जागी, उभं केलं. घाईघाईनं कुणाला परत आणलं नाही, बाकीच्यांना शिकू दिलं. याचं फळ मे महिन्यात दिसलं. प्लेऑफ्समध्ये डेन्व्हरविरुद्ध सातवी मॅच, समोर त्यांचा स्टार सेंटर निकोला योकिच, सहा फूट अकरा इंच, आणि त्याच्यावर लावला कोण तर सहा फूट पाच इंचाचा ॲलेक्स करूसो! रिप्ले थांबवून थांबवून बघण्यासारखी गोष्ट आहे ही. करूसो त्याच्या मागं उभा राहतच नाही, पुढून आडवा येतो, हात-पाय-खांदा सगळं लावतो, योकिचला बॉल मिळूच द्यायचा नाही, आणि वरून पास टाकला तर मागं उंच माणूस तयार. थंडर 125-93 नी जिंकले. आता यातच दुखापत पण बघा, डेन्व्हरचा ॲरन गॉर्डन त्या दिवशी हॅमस्ट्रिंग (मांडीमागचा स्नायू) दुखावलेली असताना खेळला. ताकदीनं खेळणारा माणूस पूर्ण पळू शकत नसेल तर समोरच्या कोचला असले प्रयोग करायला मोकळीक मिळते. दुखापत आणि कोचचा डाव अशा एकमेकांत गुंतलेल्या असतात, आणि ते पूर्ण मॅचमध्येच कळतं.

डेन्व्हरनं तर त्या आधी रेग्युलर सीझनच्या तीनच मॅचेस उरलेल्या असताना कोच मायकल मलोनला काढलेलं, 2023 ला टायटल जिंकून देणारा माणूस. मला तो निर्णय अजून पटलेला नाही, जरी त्यांनी पुढं प्लेऑफ्समध्ये क्लिपर्सला हरवलं तरी.

मिनिटांचा विषय निघाला की आमच्या ग्राउंडवर भांडणं होतात. कोच टॉम थिबोडो आवडणारे आहेत, मलाही तो आवडतो, 2025 ला न्यूयॉर्क निक्सला त्यानं 25 वर्षांनी कॉन्फरन्स फायनलला, म्हणजे फायनलच्या आधीच्या फेरीत, नेलं. पण त्याच सीझनला निक्सचा जॉश हार्ट मॅचमागे मिनिटांत लीगमध्ये पहिला होता, आणि त्या फेरीत समोर पेसर्सचा कोच रिक कार्लाइल नऊ-दहा जणांना फिरवत, सतत पळवत खेळवत होता. पहिल्याच मॅचला शेवटच्या तीन मिनिटांत 14 पॉइंट्सनी पुढं असलेले निक्स ओव्हरटाइममध्ये हरले. सगळं थकव्यामुळंच झालं असं मी म्हणणार नाही, पेसर्सच्या नेस्मिथचे थ्री त्या दिवशी कसेही टाकले तरी पडत होते. पण सहा मॅचेसच्या सिरीजमध्ये कुणाचे पाय ताजे होते ते डोळ्यांना दिसतं. 3 जून 2025 ला थिबोडोला काढलं. आणि 2012 च्या प्लेऑफ्समधली ती मॅच कोण विसरेल, शिकागो 12 नी पुढं, दीड मिनिटसुद्धा उरलेलं नाही, त्यांचा स्टार डेरिक रोज अजून कोर्टवरच, आणि गुडघ्याचं एसीएल (आतलं लिगामेंट) गेलं. तिथं पण कोच थिबोडोच. पहिल्या नंबरची टीम ती सिरीज आठव्या नंबरच्या फिलाडेल्फियाकडून हरली.

याच्या उलट सॅन अँटोनियोचा तेव्हाचा कोच ग्रेग पोपोविच. 2012 लाच त्यानं डंकन, पार्कर, जिनोबिली, ग्रीन या मुख्य खेळाडूंना मायामीच्या मॅचआधी विश्रांतीसाठी घरी पाठवून दिलं, लीगनं सॅन अँटोनियोला अडीच लाख डॉलर दंड लावला. 2013-14 ला त्याच्या टीमचा एकही खेळाडू सरासरी 30 मिनिटं खेळला नाही आणि तेच टायटल जिंकले. आता लीगनं अवॉर्डसाठी किमान 65 मॅचेसचा नियम केलाय, पैसे देऊन स्टेडियमला येणाऱ्या माणसाला स्टार दिसलाच पाहिजे हे मला पटतं, तरी दुखऱ्या पायावर 65 चा आकडा गाठायला धावणं मला भीतीदायकच वाटतं.

हे सगळं मी एवढं मनावर का घेतो तर आमच्याकडं पोरांचं काय होतं ते रोज बघतोय. तालुका, जिल्हा, विभाग, एकामागं एक स्पर्धा, कधी एकाच दिवशी दोन मॅचेस, सिमेंटचं कोर्ट, आणि सगळ्यात चांगलं खेळणारं लेकरू पहिल्या शिट्टीपासून शेवटपर्यंत आत. घोटा मुरगळला की स्प्रे मारायचा, क्रेप बँडेज आवळायचं, चल उठ काही होत नाही म्हणायचं. होतं ना. मी आता रिप्ले लावून पोरांना बॉल सोडून बेंच बघायला लावतो. कोण बसलं, का बसलं, परत कधी आलं ते वहीत लिहायचं. परवा नववीतली एक पोरगी स्वतःहून येऊन म्हणाली, सर माझा गुडघा कालपासून ठणकतोय, आज मला अर्ध्यातच काढा. आमच्या ग्राउंडवर असं आधी कुणी बोलत नव्हतं.

कमी काय आहे तर कॅमेरा बॉलच्या मागं पळतो, बेंच मधून मधूनच दिसतो, त्यामुळं कोण उठलं कोण बसलं ते तुम्हालाच लक्षात ठेवावं लागतं. कॉमेंट्री मी इंग्रजीतच ऐकतो, लहान पोरांना ती झेपत नाही, त्यांच्यासोबत बघताना आवाज बंद करून मीच बोलतो. आणि मॅचआधी इंज्युरी रिपोर्ट बघून घ्या, आऊट (खेळणार नाही), डाऊटफुल (अवघड), क्वेश्चनेबल (सांगता येत नाही), प्रॉबेबल (बहुतेक खेळेल) असं लिहिलेलं असतं, तो बघितला की कोचनं वेगळी टीम का उतरवली ते लगेच उलगडतं.

ज्याला रोज बघायला जमतं त्यानं पूर्ण सीझनचं घ्यावं. दुखापतींची गोष्ट नोव्हेंबरपासूनच सुरू होते. बाकीच्यांनी महिन्याचं पॅकेज एप्रिलच्या मध्यावर घ्या, प्लेऑफ्स तिथूनच लागतात, आणि पुढं शाळेच्या सुट्ट्या पण. दोघा-तिघांनी एका घरी टीव्हीवर बघितलं तर अजून बरं, वाद घालायला माणूस मिळतो.