मनगटावरचा 'स्ट्रेस स्कोअर': कोकणातल्या उकाड्यात किती खरा?

दोन-तीन हजारांच्या स्मार्टवॉचच्या खोक्यावर आता हमखास 'स्ट्रेस मॉनिटर' छापलेलं असतं. वेळ बघायला, पावलं मोजायला वस्तू ठीक आहे. केवळ ताण मोजायला घेणार असाल, तर घेऊ नका.

घड्याळाच्या पाठीवरचा हिरवा दिवा कातडीखालून जाणारं रक्त टिपतो आणि त्यावरून दोन ठोक्यांमधलं अंतर काढतो. माणूस निवांत असला की हे अंतर सतत थोडं कमी-जास्त होत राहतं. शरीर सावध झालं की अ‍ॅड्रेनलिन वाढतं, ठोके जलद आणि एकसारखे पडू लागतात. बऱ्याच घड्याळांतला 0 ते 100 चा आकडा यावरूनच येतो. कॉर्टिसॉल, म्हणजे ताणात रक्तात वाढणारं संप्रेरक, घड्याळाला मोजताच येत नाही.

गफलत इथेच होते. मे महिन्यात जांभ्याची पाखाडी चढून आलेला, झेल्याने आंबे उतरवणारा, तापाने फणफणलेला, सगळेच 'हाय स्ट्रेस'मध्ये जातात. घामावाटे पाणी गेलं की ठोके आपोआप वाढतात, त्यात काळजीचा काही संबंध नाही. उलट पेटीचा दर पडला म्हणून ओटीवर गप्प बसलेल्याला घड्याळ खुशाल 'रिलॅक्स्ड' म्हणू शकतं. मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल यांसारख्या गोळ्या ठोके मंद ठेवतात, त्यामुळे त्या घेणाऱ्यांचा आकडाही फसवा. ठोके मुळातच अनियमित असतील तर तो पाहूच नये.

दुकानात एक चाचणी करा: घड्याळ गुंडाळलेल्या टॉवेलला बांधा. टॉवेलचेही ठोके दाखवणारी घड्याळं बाजारात आहेत!

घेतलंच असेल तर पट्टा मनगटाच्या हाडापासून बोटभर वर, घट्ट पण वळ न उठेल इतका बांधा. सैल पट्टा आणि खालचा घाम यांनी मोजणी बिघडते. दिवसभराचे आकडे सोडून द्या. झोपेतले ठोके दोन आठवडे पाहून आपली सरासरी ठरवा. शेजाऱ्याशी तुलना व्यर्थ, कारण वयाप्रमाणे आणि माणसागणिक हा आकडा बदलतो. रात्री दारू घेतली असेल तर ठोके चढलेले दिसतील. तसं कारण नसताना ते बरेच दिवस चढेच राहिले आणि झोपही तुटत असेल, तर डॉक्टरांना दाखवा.

यातली खरी कामाची सोय म्हणजे श्वासाचा व्यायाम. 4 सेकंद श्वास आत, 6 सेकंद बाहेर, पाच मिनिटं. मिनिटाला सहा श्वास झाले की ठोके शांत होतात. अर्थात त्याला घड्याळच हवं असं नाही.

दंडाला हवेचा पट्टा न बांधता नुसत्या मनगटावरून रक्तदाब सांगणाऱ्या स्वस्त घड्याळावर मात्र काडीचाही विश्वास ठेवू नका. जवळपास त्याच पैशांत दंडाला पट्टा बांधायचं डिजिटल यंत्र येतं. घरात ते हवं. चहा-तंबाखूनंतर अर्धा तास थांबा, पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं बसा, दंड छातीच्या पातळीत ठेवा. मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा, सकाळ-संध्याकाळ, आठवडाभर. सरासरी 135/85 किंवा वर राहिली तर आकडे लिहिलेली वही घेऊन दवाखाना गाठा. पट्टा दंडाला लहान पडला तर आकडा खोटाच चढा येतो, म्हणून घेतानाच दंडाचा घेर मोजून न्या.

मनावरचं ओझं मात्र कुठलंच यंत्र मोजत नाही. त्यासाठी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे, मराठीत बोलता येतं. समोरासमोर बोलायचं तर रत्नागिरीत प्रादेशिक मनोरुग्णालय आहे.

होडीवर जाणाऱ्यांसाठी एक सूचना. खोक्यावरची 'आयपी68' ही धूळ-पाण्यापासून बचावाची खूण गोड्या पाण्यातल्या चाचणीची असते. किनाऱ्यावर आल्यावर घड्याळ साध्या पाण्याने धुवा, चार्जिंगच्या पिना कोरड्या पुसा आणि मगच चार्जरला लावा. खारट ओलीने गंजलेल्या पिना वॉरंटीत सहसा धरत नाहीत.